ओटीपोटातली सुटी गाठ: काढायची की राहू द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा. मंगळवेढ्याचे ६४ वर्षांचे शेतकरी गृहस्थ. पाच-सहा महिन्यांपासून लघवीला सारखं जावं लागतं, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, पोटही नीट साफ होत नाही. सोनोग्राफीत ओटीपोटात गाठ दिसली म्हणून सोलापुरात सीटी स्कॅन केला. रिपोर्टमध्ये मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामध्ये ६ × ५.५ × ५ सेंटिमीटरची गोलसर गाठ, मध्यभागी कॅल्सिफिकेशन (साचलेलं कॅल्शियम), 'पॉसिबल पेरिटोनियल लूज बॉडी' असं लिहिलंय. प्रोस्टेट ३८ ग्रॅम. एक डॉक्टर म्हणतात काढून टाका, दुसरे म्हणतात हात लावू नका. मुलाने विचारलंय की हा कॅन्सर आहे का, ऑपरेशन करावं का, पुण्याला न्यावं लागेल का, आणि वडील आषाढीला पायी जायचं म्हणतात तर जाऊ द्यावं का.

आधी भीतीचं बोलू. रिपोर्टमधलं वर्णन जसंच्या तसं बरोबर असेल तर ही कॅन्सरची गाठ असण्याची शक्यता फारच कमी आहे. लूज बॉडी म्हणजे पोटाच्या पोकळीत कुठल्याही अवयवाला न जोडलेली, सुटी पडलेली गाठ. आत मेलेली चरबी आणि कॅल्शियम, बाहेर तंतूंचे थर. तिच्यात वाढणाऱ्या जिवंत पेशीच जवळजवळ नसतात, त्यामुळे ती पुढे कॅन्सरमध्ये बदलेल ही भीती मनातून काढून टाका. खरा प्रश्न वेगळा आहे: सीटीवर दिसलेली गाठ नक्की हीच आहे का? रेडिऑलॉजिस्टने 'पॉसिबल' लिहिलंय ते विचार करूनच. त्याचं उत्तर मिळवायचा सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक मार्ग म्हणजे गाठ जागा बदलते का ते पाहणं. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही. ते पाहिल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका, आणि 'काही करायचं नाही' असंही ठरवू नका.

ही गाठ येते कुठून हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. मोठ्या आतड्याच्या बाहेरच्या बाजूला चरबीचे छोटे लोलक लोंबत असतात. डॉक्टर त्यांना एपिप्लोइक अपेंडेजेस म्हणतात. प्रत्येकाच्या पोटात ते साधारण ५० ते १०० असतात, दोन रांगांत, आणि डाव्या बाजूच्या सिग्मॉइड भागात जास्त दाट. प्रत्येकाला अरुंद देठ असतो आणि रक्त येण्याजाण्याचा रस्ता तेवढाच. या देठाला अचानक पीळ बसला तर ओटीपोटात एका जागी काही दिवस टोचून दुखतं आणि मग आपोआप थांबतं. पीळ हळूहळू बसला तर मात्र माणसाला काही कळतही नाही. लोलकाचं रक्त बंद होतं, आतली चरबी मरते, तिच्यात कॅल्शियम साचत जातं, देठ वाळून तुटतो आणि लोलक पोकळीत गळून पडतो. जंतुसंसर्ग नसल्यामुळे ताप नाही, पू नाही.

असे गळलेले बहुतेक लोलक अर्धा ते अडीच सेंटिमीटरचे असतात आणि आयुष्यभर तसेच राहतात. दुसऱ्याच कारणाने पोट उघडलं किंवा स्कॅन केला तरच ते सापडतात. क्वचित एखादा वाढत जातो. पोटाच्या पोकळीत आतडी एकमेकांवर घसरावीत म्हणून थोडं द्रव कायम असतं. त्यातलं प्रथिन या लोलकावर थरावर थर बसत जातं. रक्तपुरवठा नसलेली गाठ मोठी कशी होते, असं बरेच जण विचारतात. ती आतून वाढत नाही, बाहेरून थर चढून मोठी होते. म्हणूनच वाढ वर्षानुवर्षं, अगदी संथ असते. ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली की तिला 'जायंट' म्हणतात. अशा गाठी दुर्मिळच, आणि सापडतात त्या जास्त करून पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत. सुट्या असल्यामुळे वजनाने खाली घसरून त्या ओटीपोटाच्या तळाशी, पुरुषांत मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत येऊन बसतात. तुमच्या वडिलांची गाठ नेमकी तिथेच आहे.

काढल्यावर ती कशी दिसते ते सांगतो, कारण सीटीवरचं चित्र त्याचंच प्रतिबिंब आहे. बाहेरून पांढरी, गुळगुळीत, चकचकीत, दाबली तर रबरी पण आतून टणक. मधोमध कापली की उकडलेल्या अंड्याचे दोन भाग केल्यासारखी दिसते. बाहेर पांढरा जाड थर, मध्यभागी पिवळा गाभा. फरक इतकाच की पांढऱ्या भागात एकात एक अशी वर्तुळं दिसतात आणि गाभ्यापाशी सुरी अडते, कारण तिथे कॅल्शियम असतं. सीटीवरही हेच: कडा अगदी रेखीव, बाहेरचा भाग स्नायूसारखा करडा, मध्यभागी पांढरं कॅल्सिफिकेशन, आणि गाठीच्या सगळ्या बाजूंनी चरबीची बारीक काळी रेघ, म्हणजे ती शेजारच्या कशालाही जोडलेली नाही.

आता सीटीची सीडी घेऊन रेडिऑलॉजिस्टकडे परत जा आणि दोन गोष्टी विचारा. पहिली, सीटीच्या वेळी शिरेतून देतात ते काँट्रास्टचं इंजेक्शन देण्याआधी आणि दिल्यानंतर गाठीची घनता (हाउन्सफिल्ड युनिट या मापात) किती होती. रक्तपुरवठा असलेली गाठ इंजेक्शननंतर उजळते, त्या आकड्यात २० किंवा त्याहून जास्त फरक पडतो. लूज बॉडीत १० पेक्षा कमी. इंजेक्शनाआधीचा स्कॅनच केला नसेल तर ही तुलना करता येत नाही. तसं असेल तर ते स्पष्ट विचारून घ्या. दुसरी गोष्ट, पहिल्या सोनोग्राफीत गाठ कुठे होती आणि सीटीत कुठे आहे. दोन तपासण्यांत आठवडाभराचं जरी अंतर असलं तरी जागा वेगळी असू शकते, आणि तसं निघालं तर निम्मं काम घरबसल्या झालं.

जागा सारखीच असेल तर जागा बदलते का हे पाहण्यासाठी मुद्दाम एक सोनोग्राफी करून घ्या. ती नेहमीच्या पद्धतीने केली तर उपयोग नाही, म्हणून बारकाईने लिहितो. मूत्राशय अर्धंच भरलेलं हवं. तुडुंब भरलं तर ते गाठीला मागे दाबून धरतं आणि गाठ हलत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आधी पाठीवर झोपवून गाठीचं अंतर दोन ठरलेल्या जागांपासून मोजायचं, मधल्या रेषेपासून आणि मूत्राशयाच्या मागच्या भिंतीपासून. मग डाव्या कुशीवर पाच मिनिटं, पुन्हा मोजणं. उजव्या कुशीवर पाच मिनिटं, पुन्हा मोजणं. तरीही हलली नाही तर गुडघे आणि कोपरांवर ओणवं होऊन, कंबर वर ठेवून दहा मिनिटं राहायला सांगायचं आणि लगेच पाहायचं. ६४ वर्षांच्या माणसाला हे अवघड वाटेल, पण ओटीपोटाच्या अरुंद जागेत अडकलेली गाठ सुटून वर सरकते ती बहुधा याच स्थितीत. सोलापुरात सोनोग्राफीसाठी रांग असते आणि एका पेशंटला इतका वेळ देणं सेंटरला जड जातं, म्हणून आधी फोन करून, कारण सांगून, दुपारची निवांत वेळ मागून घ्या. दुसरा पूर्ण सीटी करायची गरज नाही. फारच शंका राहिली तर फक्त ओटीपोटाचा, पालथं झोपवून, इंजेक्शनाशिवाय, कमी किरणांचा स्कॅन पुरतो.

सर्जनने केलेली गुदाशयाची बोटाने तपासणीही इथे खूप काही सांगते. प्रोस्टेटच्या वर, समोरच्या भिंतीतून टणक, गुळगुळीत गोळा लागतो आणि बोटाने ढकलला की वर निसटतो. दोन मिनिटांची तपासणी आहे, संकोचापोटी टाळू नका.

गाठ चांगली दोन-तीन सेंटिमीटर सरकली, इंजेक्शनने उजळत नाही आणि मध्यभागी कॅल्शियम आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर निदान जवळजवळ पक्कं धरा. सरकली नाही म्हणून मात्र लूज बॉडी नाही असं म्हणता येत नाही. काही गाठी घट्ट बसलेल्या असतात, काही वपेच्या, म्हणजे आतड्यांवर पसरलेल्या पडद्याच्या, चरबीला किंवा आतड्याला हलकेच चिकटतात. मग इतर शक्यता एकेक करून बाजूला काढाव्या लागतात.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे लहान आतड्याच्या भिंतीतून बाहेर वाढणारी जिस्ट नावाची गाठ. तीही गोल, रेखीव असते, आतड्याबरोबर थोडी हलते, कधी तिच्यातही कॅल्शियम असतं. पण तिला रक्तपुरवठा असतो, ती उजळते, आणि तिचा स्वभाव कॅन्सरकडे झुकणारा असू शकतो. पुढे ऑपरेशनच्या भागात जी काळजी सांगणार आहे ती मुख्यतः हिच्यासाठी. दुसरी शक्यता आपल्याकडे कायम डोक्यात ठेवावी लागते: टीबीच्या जुन्या, कॅल्शियम साचलेल्या गाठी. त्या सहसा लहान, एकापेक्षा जास्त आणि आतड्याच्या मुळाशी असलेल्या पडद्यात असतात. सहा सेंटिमीटरची एकटी गोल गाठ ओटीपोटाच्या तळाशी, हे टीबीचं चित्र नाही. नुसतं कॅल्सिफिकेशन दिसलं म्हणून कुणी सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू करायला सांगितली तर आधी पुरावा मागा. मूत्राशयातला खडा म्हणूनही गल्लत होते. उन्हाळ्यात इथे मूतखड्याचे पेशंट इतके असतात की एक्स-रेवर ओटीपोटात पांढरं दिसलं की पहिला विचार खड्याचाच येतो. सोनोग्राफीत कूस बदलून पाहिलं की खडा मूत्राशयाच्या आत घरंगळतो, लूज बॉडी बाहेरच राहते. पूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं असेल तर निसटलेले पित्तखडे, पोटाचं कुठलंही जुनं ऑपरेशन असेल तर राहून गेलेला गॉझ, हेही पाहावं लागतं. म्हणून जुनी डिस्चार्ज कार्डं शोधून ठेवा. घरात मेंढ्या, कुत्री असतील तर हायडॅटिडची (त्यांच्याकडून येणाऱ्या जंतामुळे होणाऱ्या गाठीची) रक्ततपासणी करून घ्यायला हरकत नाही.

बाईच्या पोटात अशी गाठ दिसली तर यादी बदलते. गर्भाशयापासून तुटून सुटा झालेला फायब्रॉइड, पीळ बसून गळालेलं बीजकोश, डरमॉइड (बीजकोशातली चरबी-केस असलेली गाठ). तिथे सोनोग्राफी करणाऱ्याने दोन्ही बीजकोश जागेवर आहेत का हे नाव घेऊन लिहायला हवं.

सुईने तुकडा घेऊन तपासा असं कुणी सुचवलं तर मी स्पष्ट नाही म्हणेन. गाठ लूज बॉडी असेल तर सुई लागताच ती सरकते, लागली तरी टणक भागातून काही हाती येत नाही, आणि आलं तरी पेशी नसल्यामुळे रिपोर्ट 'अपुरा नमुना' असाच येतो. गाठ जिस्ट असेल तर सुईमुळे पेशी सांडायचा धोका. म्हणजे दोन्हीकडून तोटाच. सीईए, सीए १९-९ यांसारख्या कॅन्सरच्या संशयाने करतात त्या महागड्या रक्ततपासण्याही इथे निर्णय बदलत नाहीत. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहताना, ही गाठ दिसत नाही, कारण ती आतड्याच्या बाहेर असते. पण वडिलांचं वय ६४ आहे आणि शौचाची सवय अलीकडे बदलली आहे. शौचात रक्त, वजन घटणं किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर कोलोनोस्कोपी स्वतंत्र कारणासाठी नक्की करा. सुटी गाठ सापडली म्हणून आतड्याच्या आजाराकडे दुर्लक्ष होतं, हे घडू देऊ नका.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग: लघवीचा त्रास गाठीचा की प्रोस्टेटचा? तुमच्या दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलं ते बहुधा इथेच. ६ × ५.५ × ५ च्या गाठीचं घनफळ सुमारे ८६ मिलिलिटर होतं. एवढा टणक गोळा मूत्राशयाला मागून टेकला तर ते पुरतं भरायच्या आधीच लघवीची भावना होते. पण ३८ ग्रॅमचं प्रोस्टेटही या वयात हाच त्रास देऊ शकतं, आणि न कळलेला मधुमेहसुद्धा. पहिल्या दिवशीच उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करा. साखर वाढलेली निघाली तर रात्रीच्या लघवीचं उत्तर तिथेच सापडेल.

मग तीन दिवसांची लघवीची नोंद ठेवा. मेडिकलमध्ये खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग मिळतो. प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिलिलिटर, आणि धार कशी होती एवढं वहीत लिहायचं. शेतावर असतील तेव्हाचंही. दरवेळी १०० ते १५० मिलिलिटरच होते पण धार जोरात, सुरू व्हायला वेळ लागत नाही, असं दिसलं तर बाहेरच्या दाबाकडे बोट जातं. सुरू व्हायला वेळ, बारीक धार, शेवटी थेंब थेंब, उरल्यासारखं वाटणं हे प्रोस्टेटचं. रात्री एकेका वेळी ३०० मिलिलिटर होत असेल तर मूत्राशय लहान पडत नाहीये, लघवीच जास्त तयार होतेय; मग साखर, पायांवरची सूज, संध्याकाळनंतरचा चहा-पाणी पाहायचं. यासोबत युरोफ्लोमेट्री, म्हणजे यंत्रावर धारेचा वेग मोजायची तपासणी, करून घ्या. किमान १५० मिलिलिटर लघवी झाली तरच ती ग्राह्य धरतात. सर्वाधिक वेग सेकंदाला १० मिलिलिटरच्या खाली असेल तर अडथळ्याची शंका बळावते, १५ च्या वर असेल तर कमी होते. लघवी झाल्यावर लगेच सोनोग्राफीत किती उरली तेही मोजायचं. ५० मिलिलिटरपर्यंत ठीक, १५०-२०० च्या पुढे असेल तर गांभीर्याने घ्यायचं.

प्रोस्टेटकडे कल दिसला तर टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, रोज एकदा, ठरलेल्या जेवणानंतर, चार आठवडे देऊन पाहणं हा रास्त मार्ग आहे. अर्थात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सुरुवातीच्या दिवसांत उठल्यावर चक्कर येऊ शकते, बीपीची गोळी चालू असेल तर जास्त, म्हणून रात्री अंथरुणातून उठताना मिनिटभर कडेला बसून मग उभं राहायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन जवळ असेल तर ही गोळी चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. बुबुळ ढिलं पडून त्यांचं काम अवघड होतं. महिनाभरात त्रास निम्म्याहून कमी झाला तर गाठीला दोष द्यायचं कारण उरत नाही.

एवढं झाल्यावर माझं मत असं. निदान पक्कं, गाठ सरकते, त्रास गोळीने आटोक्यात: गाठ राहू द्या. सहा महिन्यांनी एकदा आणि नंतर वर्षातून एकदा सोनोग्राफी, शक्यतो त्याच सेंटरला, तिन्ही मापं लिहून. वर्षात सेंटिमीटरभर वाढली तर पुन्हा विचार. गोळीने फरक नाही, नोंदीतून दाब दिसतोय, किंवा बद्धकोष्ठ हटत नाही: काढा. निदानच पक्कं होत नाहीये, गाठ उजळते किंवा हलत नाही: मग त्रास असो-नसो, काढून तपासणं योग्य. नुसतं '६ सेंटिमीटरची आहे' या एका कारणावर घाई करायला मी सांगणार नाही. इतक्या दुर्मिळ गोष्टीसाठी कुणी आखून दिलेला ठराविक नियम नसतो, माणूस पाहून ठरवावं लागतं.

काढायचं ठरलं तर दुर्बिणीतूनच. पूर्ण भूल, बेंबीपाशी १० मिलिमीटरचं एक आणि बाजूला ५ मिलिमीटरची दोन छिद्रं. गाठ सुटी असेल तर पाऊण-एक तासाचं काम. तरीही यात काही जागा अशा आहेत जिथे अडतं, आणि सर्जनशी बोलताना त्या माहीत असलेल्या बऱ्या.

पहिलं, ओटीपोटातल्या ऑपरेशनसाठी टेबल डोक्याकडे खाली झुकवायची सवय असते. सुटी गाठ मग घरंगळत यकृताखाली किंवा आतड्यांच्या मागे जाते आणि अर्धा तास शोधण्यात जातो. टेबल सपाट असतानाच दुर्बीण घालून आधी गाठ पाहायची, लागलं तर डोकं वर करून तिला तळाशी आणायचं आणि पकडूनच मग टेबल हलवायचं. मूत्राशय कॅथेटरने रिकामं केलेलं हवं, नाहीतर गाठ त्याच्या मागे दडते.

दुसरं, पकड. गुळगुळीत टणक गोळ्यावर चिमटा बसत नाही, निसटतो, आणि जोर लावला की आतड्याला इजा होऊ शकते. मोठ्या तोंडाची बॅग आत उघडून गाठीखाली सरकवायची आणि टेबल तिरकं करून गाठ तिच्यात घरंगळू द्यायची. सहा सेंटिमीटरच्या गोळ्याला नेहमीची लहान बॅग पुरत नाही, ती आधीच मागवून ठेवावी लागते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आत पाहिल्यावर गाठीला देठ दिसला, रक्तवाहिनी जाताना दिसली किंवा ती आतड्याच्या भिंतीतून आलेली वाटली, तर ती लूज बॉडी नाही असं धरून चालायचं. तिला चिमट्याने पकडायचं नाही, फोडायचं नाही. आतड्याच्या त्या भागासह अखंड काढायची. म्हणूनच गाठ पोटात बारीक करून छोट्या छिद्रातून काढण्याला माझा पूर्ण विरोध आहे. कॅल्शियममुळे ती नीट तुटतही नाही, आणि अंदाज चुकला असेल तर पेशी पोटभर पसरतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी 'गाठ अखंड, बॅगेतून काढणार ना?' एवढं विचारा. बेंबीजवळची किंवा ओटीपोटावरची आडवी चीर त्यासाठी ५ ते ६ सेंटिमीटर करावी लागते. दुर्बिणीचं ऑपरेशन असून एवढी चीर का, असं नातेवाईकांना नंतर वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चीर लहान ठेवून ओढाताण केली तर कडा चेपतात, जखम चिघळते. आतला मजबूत पडदा नीट शिवला नाही तर पुढे तिथे हर्निया होतो.

गाठ बॅगेत गेल्यावर सर्जनने सगळं मोठं आतडं, लहान आतडं आणि वपा पाहून घ्यायला हवी. कुठे तुटलेल्या देठाची खूण किंवा दुसरी सुटी गाठ आहे का ते कळतं.

आधीची तयारी नेहमीचीच: ईसीजी, छातीचा एक्स-रे, क्रिएटिनिन, भूलतज्ज्ञांची तपासणी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस बंद ठेवायची हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती किमान ३ दिवस आधी बंद करावी लागते. ही गोष्ट सांगायची राहून जाते. तंबाखू, मिश्री, विडी निदान चार आठवडे आधी सोडलेली बरी. खोकल्याच्या उबळीने टाके ताणले जातात. ऑपरेशननंतर खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, दोन दिवसांत थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. ज्वारीची पोती उचलणं सहा आठवडे बंद.

पुण्याला न्यायची गरज मला दिसत नाही. हे ऑपरेशन सोलापुरात नेहमी दुर्बिणीने काम करणाऱ्या सर्जनच्या आवाक्यातलं आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिलमध्ये सर्जरी, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी एका आवारात आहेत, त्याचा अशा केसमध्ये फायदा होतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. गाठ आतड्यातून आलेली आहे असा ठाम संशय सीटीवरच असेल, तर मात्र कॅन्सर सर्जनचं मत आधी घ्या.

वारीचं: गाठ सुटी आहे म्हणून चालण्याने फुटत नाही, तुटत नाही, पसरत नाही. लघवी तुंबत नसेल आणि मोजून उरणारी लघवी कमी असेल तर वडिलांना जाऊ द्या. उन्हात पाणी कमी प्यायचं नाही; सारखं जावं लागतं म्हणून वारकरी पाणी टाळतात आणि संसर्ग ओढवून घेतात. ऑपरेशन ठरलंच तर वारीनंतरची तारीख घ्या, घाईचं काही नाही. घाई करायची ती या तीन प्रसंगी. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगलं. पोटात कळा येऊन फुगलं, हिरवट उलट्या, गॅस आणि शौच दोन्ही बंद. ताप येऊन पोट कडक झालं. असं झालं तर काही खाऊपिऊ न घालता थेट जवळच्या रुग्णालयात. गाठीमुळे आतडं अडकणं दुर्मिळ आहे, पण होतं. अशा वेळी 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेण्यात रात्र घालवू नका.

खाण्यापिण्याचा या गाठीशी संबंध नाही. दूध, टोमॅटो, पालक बंद करू नका, कडक भाकरी आणि शेंगाचटणीही चालू द्या. फक्त शौचाला साफ होण्यासाठी भाज्या आणि पाणी वाढवा. मूतखडा विरघळवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांनी ही गाठ विरघळत नाही. तिच्यापर्यंत रक्तच पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार?

शेवटी पॅथॉलॉजी. काढलेली गाठ कितीही निरुपद्रवी दिसली तरी तपासायला गेलीच पाहिजे. अख्खी गाठ छोट्या बाटलीत कोंबली तर फॉर्मालिन (नमुना टिकवणारं द्रव) आत शिरत नाही. मोठा डबा, गाठीच्या दसपट १० टक्के फॉर्मालिन, आणि फोटो काढल्यावर मधोमध एक काप द्यायचा. गाभ्यातलं कॅल्शियम आम्लात मऊ करून मगच पातळ काप घेता येतात. त्यात काही दिवस जातात, म्हणून रिपोर्टला आठ-दहा दिवस लागले तर घाबरू नका. 'हायलिनाइज्ड फायब्रस टिश्यू', 'फॅट नेक्रोसिस', 'डिस्ट्रॉफिक कॅल्सिफिकेशन' असे शब्द आले तर विषय संपला, पुढे स्कॅन करत बसायची गरज नाही. 'स्पिंडल सेल्स' (जिस्टसारख्या गाठीत दिसणाऱ्या लांबट पेशी) असा शब्द दिसला तर रिपोर्ट, सीटीची सीडी आणि लॅबमधून मागून घेतलेल्या स्लाइड्स घेऊन त्याच आठवड्यात सर्जनला पुन्हा भेटा.